बृहदंत्राच्या कर्करोगाचे यकृतातील प्रसरण : शस्त्रकर्माचे दीर्घकालीन फलित आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

साध्यासाध्यत्वाचा विचार केल्यावाचून चिकित्सेस हात घालू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला दंडक आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे भेद सांगितले आहेत. हा विचार चतुष्पादांच्या विवेचनाला जोडून येतो, ही गोष्ट आपल्या लक्षात असावयास हवी. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चारही पाद गुणसंपन्न असतील तर साध्यत्व वाढते. त्यांपैकी एखादा उणा पडला तर साध्य व्याधीही कष्टसाध्य होतो. म्हणजेच साध्यासाध्यत्व हे केवळ व्याधीवर अवलंबून नसून उपलब्ध साधनांवरही अवलंबून असते. साधने बदलली की निर्णयही पुन्हा तपासून पाहावा लागतो.

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग यकृतात पसरला आहे असे निदान झाले की, "आता काही उरले नाही" हा उद्गार आजही सर्रास ऐकू येतो. नातेवाईक तसे म्हणतात आणि खेदाची गोष्ट अशी की कित्येकदा चिकित्सकही तसेच म्हणतात. छावणीत गुरुवारच्या बाजाराच्या दिवशी पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद या बाजूंनी माणसे येतात आणि बाजाराबरोबर दवाखान्याचे कामही उरकतात. अशा कुटुंबांत मोठा आजार निघाला की शहरातील तज्ज्ञांकडे जावे की न जावे, याचा निर्णय पुष्कळदा नेहमीच्या वैद्याला विचारून घेतला जातो. त्यामुळे आपल्या एका वाक्याचे मोल मोठे आहे. ते वाक्य आजच्या ज्ञानाला धरून असावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

यकृतच का?

मोठ्या आतड्यातून परतणारे रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतात जाते. अन्नरस जसा या मार्गाने यकृतात पोहोचतो, तशाच मूळ अर्बुदापासून सुटलेल्या पेशीही पोहोचतात. यकृत ही त्यांच्या वाटेवरची पहिली मोठी गाळणी होय. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्ताचा काही अंश मात्र या शिरेस वगळून थेट सार्वदेहिक अभिसरणात मिसळतो. म्हणून गुदाशयाच्या कर्करोगात फुप्फुसाकडेही विशेष लक्ष द्यावे लागते.

या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २५ टक्के रुग्णांत पहिल्या निदानाच्या वेळीच यकृतात गाठी आढळतात. आणखी काही जणांत त्या पुढील काही वर्षांत निर्माण होतात. या गाठी बराच काळ मूक असतात. यकृताची राखीव शक्ती मोठी असल्यामुळे कावीळ नसते, भूक बरी असते, एसजीपीटी व बिलिरुबिन यांसारख्या तपासण्याही प्राकृत येऊ शकतात. रुग्ण "मला काही त्रास नाही" असे म्हणतो, ते खरेच असते. त्यामुळे केवळ लक्षणांवरून किंवा नेहमीच्या रक्ततपासणीवरून यकृत निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय.

येथे एक महत्त्वाचा भेद समजून घ्यावा. पुष्कळ कर्करोग यकृतात पोहोचतात तोपर्यंत ते सर्वदेही झालेले असतात. त्या अवस्थेत यकृतातील गाठ काढून काही साधत नाही. बृहदंत्राच्या कर्करोगाचे तसे नाही. पोर्टल मार्गामुळे काही रुग्णांत प्रसरण दीर्घकाळ यकृतापुरतेच मर्यादित राहते. या मर्यादित अवस्थेत ते समूळ काढले तर रोग संपण्याची शक्यता उरते. सर्व शस्त्रकर्माचा पाया हाच आहे.

शस्त्रकर्माचा पूर्वेतिहास

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात अर्बुदाविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. अर्बुद काढताना दोष शिल्लक राहिला तर ते लवकर पुन्हा उद्भवते आणि शिल्लक राहिलेल्या अग्नीप्रमाणे घात करते, म्हणून ते निःशेष काढावे, असा त्याचा आशय आहे. निदानस्थानात अध्यर्बुद आणि द्विरर्बुद यांचा उल्लेख करून त्यांना असाध्य म्हटले आहे. या संज्ञांचे आजच्या प्रसरणाशी तंतोतंत समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. परंतु निःशेष काढण्याचे तत्त्व आजही शस्त्रकर्माच्या यशाचा पहिला निकष आहे, हे निर्विवाद.

यकृतावर शस्त्र चालविणे दीर्घकाळ अशक्यप्राय मानले गेले, त्याचे कारण रक्तस्राव. आधुनिक काळात १९५२ साली पॅरिसमध्ये लोर्ता-जाकोब यांनी यकृताच्या उजव्या भागाचे पद्धतशीर उच्छेदन केले. त्याच दशकात कुइनो यांनी यकृताचे आठ स्वतंत्र खंड वर्णिले. प्रत्येक खंडाला स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःची पित्तनलिका असल्यामुळे एक खंड काढला तरी शेजारचा खंड कार्यरत राहतो. या रचनाज्ञानाने, सुधारलेल्या भूलशास्त्राने आणि सोनोग्राफी व सिटी स्कॅनसारख्या साधनांनी शस्त्रकर्मातील मृत्यूचे प्रमाण अनुभवी केंद्रांत काही टक्क्यांवर आले.

दुसरा आधार यकृताच्या पुनर्जननशक्तीचा. निरोगी यकृताचा सुमारे २० ते २५ टक्के भाग शिल्लक राहिला तरी रुग्ण तगू शकतो आणि पुढील काही आठवड्यांत उरलेला भाग वाढून गरज भागवितो. दीर्घकाळ केमोथेरपी झालेली असल्यास सुमारे ३० टक्के आणि सिऱ्होसिस असल्यास सुमारे ४० टक्के भाग राखावा लागतो. उरणारा भाग लहान वाटल्यास रोगग्रस्त बाजूची पोर्टल शाखा आधी बंद करून निरोगी बाजू वाढविण्याची युक्ती १९८० च्या दशकात जपानी चिकित्सकांनी रूढ केली. मद्यपान आणि मेदयुक्त यकृत या गोष्टी शस्त्रकर्माच्या शक्यतेवरच परिणाम करतात, हे यावरून ध्यानात येईल.

दीर्घकालीन फलित

आता मुख्य विषयाकडे वळू. उपचाराविना यकृतप्रसरण असलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान काही महिन्यांचेच असते आणि पाच वर्षे जगणारा रुग्ण अपवादात्मक. आधुनिक केमोथेरपीने हा काळ दोन ते अडीच वर्षांपर्यंत लांबतो; तथापि केवळ औषधांवर दहा वर्षे गाठणारे फारच थोडे. या पार्श्वभूमीवर शस्त्रकर्माचे आकडे पाहावेत.

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेली ८५९ रुग्णांची नोंद १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रकर्मानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३३ टक्के आणि पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण २१ टक्के आढळले. १९९९ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातील फोंग व सहकाऱ्यांनी सलग १००१ रुग्णांचा अहवाल दिला. शस्त्रकर्मातील मृत्यू २.८ टक्के, पाच वर्षांचे जीवितप्रमाण ३७ टक्के आणि दहा वर्षांचे २२ टक्के असे त्यांचे निष्कर्ष होते.

या दुसऱ्या अहवालातील दहा वर्षांचा आकडा गणिती अनुमानाने काढलेला होता. सर्व रुग्णांची दहा वर्षे प्रत्यक्ष पुरी झालेली नव्हती. म्हणून त्याच केंद्राने २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक मोलाचा ठरतो. १९८५ ते १९९४ या काळात शस्त्रकर्म झालेल्या ६१२ रुग्णांपैकी प्रत्येकाला दहा वर्षे उलटून गेल्यावर त्यांचा प्रत्यक्ष हिशेब मांडण्यात आला. दहा वर्षांनंतर १०२ रुग्ण जिवंत होते, म्हणजे सुमारे १७ टक्के. दहा वर्षे पार केलेल्यांपैकी पुढे याच कर्करोगाने दगावलेला रुग्ण केवळ एक होता. दहा वर्षांनंतर रोग बहुधा संपलेला असतो, असे म्हणण्यास येथे प्रथमच भक्कम आधार मिळाला.

याच अभ्यासाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पाच वर्षे जगलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश पुढे याच कर्करोगाने गेले. म्हणून "पाच वर्षे झाली, आता बरा झालात" हे आश्वासन या व्याधीत देता येत नाही. पाच वर्षे हा टप्पा आहे, मुक्काम नव्हे.

आकडे कसे वाचावेत

शस्त्रकर्माचे आकडे निवडलेल्या रुग्णांचे असतात. ज्यांचे यकृत, हृदय व एकूण बल बरे आहे आणि ज्यांचा रोग काढण्याजोगा आहे, तेच शस्त्रकर्मास घेतले जातात. निदानाच्या वेळी असे रुग्ण सुमारे १५ ते २० टक्केच असतात. उरलेल्यांपैकी काहींची गाठ केमोथेरपीने आक्रसते आणि मग शस्त्रकर्म शक्य होते. पॅरिसजवळच्या पॉल ब्रूस रुग्णालयातील आदाम व सहकाऱ्यांनी २००४ साली दिलेल्या अहवालानुसार आरंभी शस्त्रकर्मास अयोग्य ठरलेल्या ११०४ रुग्णांपैकी १३८ जण औषधोपचारानंतर शस्त्रकर्मास योग्य झाले. त्यांतील ३३ टक्के पाच वर्षे आणि २३ टक्के दहा वर्षे जगले.

या आकड्यांवरून एक ढोबळ हिशेब मांडता येतो. यकृतप्रसरण असलेले शंभर रुग्ण घेतले तर सुमारे वीस जणांचे शस्त्रकर्म लगेच होऊ शकेल आणि त्यांपैकी सुमारे चार जण दहा वर्षे गाठतील. उरलेल्या ऐंशीपैकी सुमारे दहा जण औषधांनी शस्त्रकर्मास योग्य होतील आणि त्यांतून आणखी दोघे दहा वर्षांपर्यंत पोहोचतील. म्हणजे शंभरात सुमारे सहा. निरनिराळ्या केंद्रांचे आकडे एकत्र आणलेला हा केवळ अंदाज आहे आणि त्यामागील बरेचसे शस्त्रकर्म जुन्या काळातील आहे. आजचे फलित याहून काहीसे बरे असावे.

शंभरात सहा हा आकडा कोणाला क्षुल्लक वाटेल. पण उपचाराविना तो जवळजवळ शून्य असतो. शिवाय ते सहा जण कोण, हे दवाखान्यात बसून नाडी पाहून किंवा एक सोनोग्राफी वाचून सांगता येत नाही. ते ओळखण्यासाठी शंभराही जणांना यकृतशस्त्रकर्म जाणणाऱ्या तज्ज्ञांसमोर एकदा तरी नेले पाहिजे. या लेखातून एकच गोष्ट घ्यावयाची असेल तर ती ही.

कोणास लाभ अधिक?

फोंग यांनी पाच निकष दिले आणि प्रत्येकास एक गुण ठेवला : मूळ अर्बुदाजवळच्या लसिकाग्रंथी बाधित असणे, मूळ रोग व यकृतप्रसरण यांतील अंतर बारा महिन्यांपेक्षा कमी असणे, गाठी एकाहून अधिक असणे, सर्वांत मोठी गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असणे आणि रक्तातील सीईए २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा अधिक असणे. एकही गुण नसलेल्यांत पाच वर्षांचे जीवितप्रमाण ६० टक्के, तर पाचही गुण असलेल्यांत १४ टक्के होते. पाचही प्रतिकूल निकष असूनही १४ टक्के उरले, हेही विसरू नये. हे गुण रुग्णाला नाकारण्यासाठी नसून उपचाराची आखणी करण्यासाठी आहेत.

अलीकडे अर्बुदाच्या जनुकीय प्रकृतीचा विचारही होतो. रास जनुकात बदल असल्यास पुनरुद्भव अधिक, तर ब्रॅफ जनुकातील विशिष्ट बदल असल्यास रोगाची गती तीव्र, असे अनुभव आहेत. गाठींची संख्या हा पूर्वीचा कठोर निकष मात्र शिथिल झाला आहे. चारपेक्षा अधिक गाठी म्हणजे शस्त्रकर्म नाही, असा नियम आज पाळला जात नाही. सर्व गाठी निःशेष काढता येतात काय आणि पुरेसे यकृत उरते काय, हे दोनच प्रश्न निर्णायक आहेत.

पुनरुद्भव ही येथील मोठी अडचण होय. शस्त्रकर्म झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत रोग पुन्हा दिसतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आणि त्यांतील पुष्कळांत तो पुन्हा यकृतातच असतो. परंतु पुनरुद्भव म्हणजे अंत नव्हे. निवडक रुग्णांत दुसऱ्यांदा शस्त्रकर्म केल्यास पहिल्याच्या तोडीचे फलित मिळते. त्यासाठी पुनरुद्भव लहान असतानाच सापडला पाहिजे.

शस्त्रकर्मासोबतचे उपचार

केमोथेरपीचे स्थान येथे सहायक आहे आणि त्याविषयीची चर्चा अद्याप संपलेली नाही. युरोपातील ३६४ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रकर्माच्या आधी व नंतर औषधे दिल्याने रोग पुन्हा वाढण्यास काहीसा विलंब झाला. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांत पाच वर्षांचे जीवितप्रमाण ५१ आणि ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. जपानमधील ३०० रुग्णांच्या अभ्यासात (२०२१) शस्त्रकर्मानंतर औषधे घेतलेल्यांत रोगमुक्त काळ वाढला, तरी एकूण आयुष्य वाढले नाही. तथापि वर सांगितल्याप्रमाणे आरंभी अयोग्य असलेल्यांना योग्य करण्यात औषधांचा वाटा मोठा आहे. औषधांमुळे यकृतालाही इजा होते. ऑक्सॅलिप्लॅटिनने यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, तर इरिनोटेकानने मेदयुक्त शोथ होऊ शकतो. म्हणूनच केमोथेरपी किती द्यावी आणि शस्त्रकर्म केव्हा करावे, हे शल्यचिकित्सक व कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठी सुईने उष्णता देऊन जाळण्याचा पर्याय आता उपलब्ध आहे. निवडक रुग्णांत तो शस्त्रकर्माच्या तोडीचा असल्याचे युरोपातील अलीकडच्या अभ्यासाने दाखविले आहे. अग्निकर्माची परंपरा सांगणाऱ्या आपणास त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. काढण्याजोग्या नसलेल्या, परंतु यकृतापुरत्याच मर्यादित रोगात यकृतप्रत्यारोपणाचा अभ्यास फ्रान्सच्या पुढाकाराने झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील ९४ रुग्णांत प्रत्यारोपणासह केमोथेरपी दिलेल्यांचे पाच वर्षांचे जीवितप्रमाण ५६.६ टक्के, तर केवळ केमोथेरपी घेतलेल्यांचे १२.६ टक्के आढळले. अत्यंत कठोर निवडीनंतरच हे शक्य आहे आणि अवयवांची टंचाई लक्षात घेता सर्वांना ते मिळणार नाही. परंतु प्रत्याख्येय मानलेला रोग कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे त्यावरून कळते.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली आणि तिच्या जोडीने आपल्या शहरातही १९७८ पासून अशी नोंदणी ठेवली जाते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी आहे. ही समाधानाची गोष्ट खरी; पण तिची एक वाईट बाजूही आहे. आजार कमी दिसत असल्यामुळे तो आपल्या मनातच येत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८०० नव्या रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचे सरासरी वय केवळ ४७ वर्षे होते, तक्रारी सुरू होऊन सरासरी चार महिने उलटलेले होते आणि सुमारे २८ टक्के रुग्णांत पहिल्या भेटीतच प्रसरण आढळले; यकृत आणि उदरावरण ही त्याची प्रमुख स्थाने होती. सत्तेचाळीस हे वय लक्षात ठेवावे. "एवढ्या लहान वयात कर्करोग कसला" असे म्हणून रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करणे आपल्या प्रदेशात अधिकच चुकीचे ठरते.

आपल्या शहरात १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, आहेच. आमखास मैदानालगतचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून कार्यरत आहे. त्यामुळे पहिल्या निदानासाठी व सल्ल्यासाठी मुंबई गाठण्याची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. मोठे यकृतशस्त्रकर्म मात्र जेथे अशी शस्त्रकर्मे नियमित होतात अशाच केंद्रात करून घ्यावे. खर्चाच्या धास्तीने रुग्ण घरी बसतात, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करण्यास त्यांना आवर्जून सांगावे. या योजनेतील संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला आहे.

वैद्याचे कर्तव्य

१. अर्शाचे निदान करण्यापूर्वी : गुदावाटे रक्त पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाची हातमोजा घालून अंगुलीपरीक्षा करावी. गुदाशयातील पुष्कळ अर्बुदे बोटाला लागतात. चाळिशी उलटलेला रुग्ण, मलप्रवृत्तीत नव्याने झालेला बदल, वजनातील घट, किंवा पुरुषात कारणाविना झालेला पांडुरोग यांपैकी काहीही असल्यास क्षारकर्म अथवा क्षारसूत्राचा विचार करण्यापूर्वी कोलोनोस्कोपी करून घ्यावी. अर्श आणि अर्बुद एकाच रुग्णात एकत्र असू शकतात. अर्श सापडला म्हणून शोध थांबवू नये.

२. यकृतप्रसरण कळल्यावर : "आशा नाही" किंवा "आमच्या औषधाने विरघळेल" ही दोन्ही वाक्ये टाळावीत. पहिल्याने शस्त्रकर्माची संधी जाते, दुसऱ्यानेही तीच जाते. यकृताचा सिटी स्कॅन किंवा एमआरआय, छातीचा सिटी स्कॅन आणि सीईए या तपासण्यांसह यकृतशस्त्रकर्म जाणणाऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यास सांगावे. चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत शस्त्रसाध्य अवस्था येताच धन्वंतरीय शल्यविदांचा अधिकार मान्य केला आहे. ही पाठवणी म्हणजे शास्त्राचा पराभव नसून शास्त्राची आज्ञा होय.

३. शस्त्रकर्मापूर्वी व केमोथेरपीच्या काळात : रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची लेखी यादी तज्ज्ञांस द्यावी. शस्त्रकर्मापूर्वी सुमारे दोन आठवडे वनौषधींचे सेवन थांबविणे हिताचे, कारण काही द्रव्ये रक्तस्राव वाढवितात किंवा भुलीच्या औषधांशी विरोध करतात. केमोथेरपीने थकलेल्या यकृतावर भस्मे, रसकल्प किंवा अनोळखी मिश्रणे लादू नयेत. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन वापरलेल्या वनस्पतीची ओळखच पटविली गेली नसल्याचे म्हटले. या वादातून आपण घ्यावयाचा बोध असा की, द्रव्याची ओळख, शुद्धता आणि मात्रा यांची खात्री नसताना यकृताचे अर्धे बळ गमावलेल्या रुग्णावर कोणताही प्रयोग करू नये.

४. शस्त्रकर्मानंतर : भूक पाहून पेया, विलेपी अशा क्रमाने आहार वाढवावा, परंतु यकृत पुन्हा भरून येण्यासाठी प्रथिनांची गरज मोठी असल्याने रुग्णाला दीर्घकाळ केवळ कण्हेरीवर ठेवू नये. डाळी, दूध, ताक, अंडी यांपैकी जे पचेल व रुचेल ते द्यावे. मद्य पूर्ण वर्ज्य. मधुमेह व स्थौल्य यांवर नियंत्रण आणि रोजचे चालणे यांचा आग्रह धरावा. येथे आहार, विहार, निद्रा आणि मनोबल या क्षेत्रांत आपले शास्त्र रुग्णाला पुष्कळ देऊ शकते.

५. दहा वर्षांचा पाठपुरावा : पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए व तज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे स्कॅन, पुढे पाच वर्षांपर्यंत साधारणतः दर सहा महिन्यांनी तपासणी आणि त्यानंतरही तज्ज्ञांच्या सल्ल्याने वार्षिक परीक्षा, अशी नोंद रुग्णाच्या पत्रिकेवर करून ठेवावी. सीईएचे एखादे मूल्य धूम्रपानासारख्या कारणानेही थोडे वाढते, म्हणून एका आकड्यावरून घबराट नको. मात्र सलग चढता क्रम दिसल्यास विलंब करू नये. रुग्णालयातील डॉक्टर बदलतात, रुग्णाचे गाव बदलते, मुले नोकरीसाठी दूर जातात. सहाव्या-सातव्या वर्षी "तपासणी झाली का?" असे विचारणारा बहुधा गल्लीतील वैद्यच उरतो. दीर्घकालीन फलिताच्या आकड्यांत हा प्रश्न कोठे नोंदला जात नाही, पण लहान असताना सापडलेला पुनरुद्भव पुष्कळदा त्यातूनच सापडतो.

उपसंहार

बृहदंत्राच्या कर्करोगाचे यकृतप्रसरण ही एकच अवस्था नाही. काही रुग्णांत ते कृच्छ्रसाध्य आहे, पुष्कळांत याप्य आहे आणि काहींत आजही प्रत्याख्येय आहे. यांपैकी रुग्ण कोणत्या वर्गात मोडतो हे ठरविण्याचा अधिकार तपासणीनंतरच्या एकत्रित विचाराला आहे, पहिल्या अहवालाच्या धक्क्याला नाही. ज्यांचा रोग खरोखर प्रत्याख्येय ठरेल, त्यांनाही वेदनाशमन, पोषण आणि मायेचा शब्द देणे आपल्या हाती आहे आणि तेही चिकित्सेचेच अंग होय. परंतु तो निर्णय होण्यापूर्वी रुग्णाला एकदा योग्य दारापर्यंत पोहोचविणे, हे त्याच्या घराजवळच्या वैद्याचे काम आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या दवाखान्यातील अर्शाच्या रुग्णांची नोंदवही या दृष्टीने एकदा चाळून पाहावी आणि ज्यांची अंगुलीपरीक्षा राहून गेली असेल त्यांना पुन्हा बोलावून घ्यावे, ही नम्र विनंती.